सरकार ट्रेडमार्क जप्त करू शकतं का? मंगोल्स खटला सोप्या भाषेत

समजा, तुमचा बुलेटवाल्यांचा ग्रुप आहे. ग्रुपचा एक लोगो आहे. तो जॅकेटच्या पाठीवर आहे, पेट्रोलच्या टाकीवर स्टिकर म्हणून आहे, व्हॉट्सॲपच्या डीपीवर आहे. ग्रुपमधल्या काही जणांनी गंभीर गुन्हे केले आणि ते पकडले गेले. पोलिसांनी त्यांच्या गाड्या, पैसे, फोन जप्त केले. इथपर्यंत समजण्यासारखं आहे. पण पुढे सरकार म्हणालं, की आता हा लोगोही आमचा. आणि तुम्ही काहीच केलेलं नसताना नाक्यावर तुम्हाला थांबवून अंगातलं जॅकेट काढून घेतलं, तर?

अमेरिकेत सरकारने खरोखरच हे करायचा प्रयत्न केला. मंगोल्स नावाच्या मोटारसायकल क्लबच्या लोगोवरून २००८ मध्ये सुरू झालेला वाद २०२३ पर्यंत कोर्टात चालला. मी वकील नाही, सॉफ्टवेअर लिहितो. तरी हा खटला मला इंटरेस्टिंग वाटतो, कारण नाव, लोगो, डोमेन, हँडल अशा हाताला न लागणाऱ्या गोष्टींची मालकी म्हणजे नेमकं काय, हे त्यातून फार चांगलं कळतं.

थोडक्यात उत्तर

कागदावर ट्रेडमार्क ही मालमत्ता आहे, त्यामुळे तो जप्त होऊ शकतो. पण ट्रेडमार्क हा एखादं चिन्ह आणि त्यामागचे लोक यांच्यातल्या नात्यावर उभा असतो. ते नातं तोडून नुसतं चिन्ह घ्यायला गेलं, तर सरकारच्या हातात फारसं काही येत नाही आणि निर्दोष लोकांच्या हक्कांना मात्र धक्का बसतो. मंगोल्स खटल्यात सरकार शेवटी इथेच अडकलं.

ट्रेडमार्क म्हणजे नक्की काय?

पुष्कळांना वाटतं, की ट्रेडमार्क म्हणजे लोगोचं चित्र. पण चित्रावर कॉपीराइट असतो, तो वेगळा विषय. ट्रेडमार्क म्हणजे ते नाव किंवा चिन्ह बघून लोकांच्या डोक्यात जी ओळख तयार होते, तिचं संरक्षण. पॅकेटवरचं नाव बघून 'हा माल अमक्याचा' हे आपल्याला कळतं. दुसऱ्या कोणी तेच नाव लावून आपल्याला फसवू नये, म्हणून कायदा मूळ मालकाला तो एकट्याने वापरण्याचा हक्क देतो.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. हक्क वापरातून येतो. अमेरिकेत तर मुळात वापरातूनच. नोंदणीमुळे तो मजबूत होतो आणि सिद्ध करायला सोपा जातो. भारतात नोंदणी १० वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. नावाच्या कोपऱ्यात 'टीएम' कोणीही लिहू शकतं, पण वर्तुळातला 'आर' फक्त नोंदणी झालेल्यांसाठी आहे. नोंदणी नसताना तो लावणं हा आपल्याकडे गुन्हा आहे.

२. हक्काला मर्यादा आहे. व्यापारात कोणी गोंधळ निर्माण केला, तर मालक त्याला अडवू शकतो. तुम्ही विकत घेतलेला टीशर्ट तुम्ही अंगात घातला, म्हणून तुमच्यावर ट्रेडमार्कचा दावा होत नाही.

३. काही ट्रेडमार्क समूहाचे असतात. संघटनेचा सदस्य असल्याची खूण म्हणून वापरलं जाणारं चिन्ह हा त्यातलाच एक प्रकार. त्यातून काही विकलं जातंच असं नाही. 'मी यांच्यातला आहे' एवढंच ते सांगतं. मंगोल्सचा पॅच या प्रकारात मोडत होता.

माल, डोमेन आणि ट्रेडमार्क: तीन वेगळ्या जप्त्या

बातमीत 'जप्ती' हा एकच शब्द येतो, पण प्रकार वेगवेगळे असतात.

डुप्लिकेट माल: नामांकित ब्रँडचे नकली बूट पोलिसांनी पकडले, तर तिथे बूट जप्त होतात. ट्रेडमार्क ज्याचा होता त्याचाच राहतो, उलट त्याच्याच संरक्षणासाठी कारवाई झालेली असते. भारतात पोलीस उपअधीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा अधिकारी असा छापा घालू शकतो, आणि त्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं.

डोमेन: २०१० पासून अमेरिकी सरकारने कॉपीराइट आणि नकली मालाच्या संशयावरून अनेक वेबसाइटांची डोमेन ताब्यात घेतली. हे तांत्रिकदृष्ट्या सोपं असतं. डॉटकॉमने संपणाऱ्या सगळ्या नावांची मुख्य नोंदवही एकाच कंपनीकडे, व्हेरिसाइनकडे आहे. कोर्टाचा आदेश तिथे गेला, की नाव दुसऱ्या सर्व्हरकडे वळवता येतं आणि साइट उघडणाऱ्याला सरकारी सूचना दिसते. पण स्विच सोपा असला, की चूकही सोपी होते. डॅझवन या हिपहॉप संगीताच्या साइटचं डोमेन नोव्हेंबर २०१० मध्ये घेतलं गेलं आणि वर्षभराने, कोणताही आरोप न ठेवता, परत दिलं गेलं. मधलं वर्ष साइट बंदच होती.

ट्रेडमार्क: याला असा एक स्विच नाही. नोंदणी एका सरकारी कार्यालयात असते, पण ओळख लाखो लोकांच्या डोक्यात असते. रजिस्टरमधलं मालकाचं नाव बदललं, म्हणून लोकांच्या डोक्यातली नोंद बदलत नाही.

मंगोल्स खटला: काय घडलं?

मंगोल्स क्लबची सुरुवात १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेबेलो इथे झाली. 'मंगोल्स' हा शब्द आणि मोटारसायकलवर बसलेल्या, गॉगल लावलेल्या मंगोल स्वाराचं चित्र ही त्यांची चिन्हं. पाठीवर हा पॅच लावायला मिळणं म्हणजे पूर्ण सदस्य होणं.

अमेरिकेच्या दारू, तंबाखू आणि शस्त्रांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याचे अधिकारी वेषांतर करून क्लबमध्ये शिरले आणि चक्क सदस्य झाले. 'ऑपरेशन ब्लॅक रेन' असं या मोहिमेचं नाव होतं. ऑक्टोबर २००८ मध्ये क्लबशी संबंधित ७९ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यात खून, हल्ले, अमली पदार्थांचा व्यापार असे गंभीर आरोप होते आणि बहुतेकांनी पुढे गुन्हा कबूल केला. म्हणजे हे साधेभोळे बाइकवाले होते आणि सरकार त्यांच्या मागे लागलं, असं चित्र रंगवायचं कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे.

सरकारने संघटित गुन्हेगारीविरोधी १९७० चा रिको कायदा वापरला. या कायद्यात दोषी व्यक्तीचा गुन्हेगारी टोळीतला वाटा, आणि टोळीवर पकड ठेवायला उपयोगी पडलेली मालमत्ता सरकारजमा करता येते. मालमत्तेत अमूर्त हक्कही धरले आहेत. सरकारचा युक्तिवाद असा: पॅच बघून लोक घाबरतात, पॅच मिळवण्यासाठी पोरं गुन्हे करतात, म्हणून पॅच हेच टोळीचं हत्यार आहे. ते काढून घेतलं, की टोळी मोडेल.

पुढचा क्रम असा:

२००८: कोर्टाने सुरुवातीला सरकारच्या बाजूने आदेश दिला. चिन्ह असलेले कपडे आणि वस्तू ताब्यात घ्यायची मुभा मिळाली.

२००९: कोणताही आरोप नसलेला एक सदस्य नागरी हक्क संघटनेच्या मदतीने कोर्टात गेला. आधी आदेश देणाऱ्याच न्यायाधीश फ्लॉरेन्स-मेरी कूपर यांनी आता सरकारला रोखलं. हे समूहाचं सदस्यत्वचिन्ह आहे, आणि ते घालणं म्हणजे स्वतःला व्यक्त करणं आहे, असा त्यांच्या निर्णयाचा रोख होता.

२०११: मूळ जप्तीचा आदेशच रद्द झाला. सरकारने क्लबचा माजी अध्यक्ष रुबेन कव्हाझोस याच्याकडून ट्रेडमार्क घेतल्याचं दाखवलं होतं. कोर्टाने सांगितलं, की चिन्ह क्लबचं होतं, त्याचं नव्हतंच. जे त्याचं नाही ते त्याच्याकडून जप्त कसं करणार?

२०१३: सरकारने धडा घेतला आणि या वेळी थेट संघटनेवरच आरोप ठेवले. 'मंगोल नेशन' ही संघटनाच आरोपी.

२०१५ ते २०१७: न्यायाधीश डेव्हिड कार्टर यांनी खटला फेटाळला. अपील कोर्टाने तो परत जिवंत केला.

डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९: ज्युरीने संघटनेला दोषी ठरवलं आणि नंतर चिन्हं सरकारजमा करावीत, असाही कौल दिला.

२८ फेब्रुवारी २०१९: न्यायाधीश कार्टर यांनी दोषसिद्धी कायम ठेवली, पण ट्रेडमार्कची जप्ती नाकारली. पुढे शिक्षा झाली ती ५ लाख डॉलर दंड आणि ५ वर्षांची देखरेख.

जानेवारी २०२३: अपील कोर्टाने दोन्ही बाजूंची अपिलं फेटाळली. क्लब दोषीच राहिला आणि चिन्हही क्लबकडेच राहिलं.

यातून निघालेले कायदेशीर प्रश्न

पहिला प्रश्न: मालक कोण?

हा सगळ्यात साधा प्रश्न, आणि सरकार पहिल्या फेरीत इथेच हरलं. अध्यक्षाच्या किंवा त्याच्या कंपनीच्या नावावर कागद असले, म्हणून समूहाचं चिन्ह त्याचं होत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्रुपचा ॲडमिन म्हणजे ग्रुपचा मालक नव्हे. गुन्हेगाराची मालमत्ता जप्त करता येते. त्याच्यासोबत तेच चिन्ह वापरणाऱ्या बाकीच्यांची नाही.

दुसरा प्रश्न: जप्त केल्यावर सरकार त्याचं करणार काय?

जप्त केलेली गाडी सरकार लिलावात विकतं. मंगोल्सचा पॅच विकणार कोणाला? सरकार स्वतः मोटारसायकल क्लब चालवणार नव्हतं. अमेरिकेत तर व्यवसाय आणि त्याची पत सोडून नुसता ट्रेडमार्क दुसऱ्याला दिला, तर तो व्यवहार टिकत नाही. आणि वापर थांबला, की हक्कही हळूहळू संपतो.

अपील कोर्टाचा २०२३ चा निर्णय याच्याच जवळ जातो. सरकारला मुळात चिन्ह स्वतःकडे नकोच होतं. क्लबला ते एकट्याने वापरण्याचा जो हक्क होता, तेवढाच काढून घ्यायचा होता. चिन्हापासून हा हक्क असा सोलून वेगळा काढता येत नाही, अशा कारणाने कोर्टाने मागणी नाकारली. राज्यघटनेच्या मोठ्या प्रश्नांवर निर्णय द्यायची वेळच आली नाही.

तिसरा प्रश्न: चिन्ह घालणं हे बोलणं आहे का?

न्यायाधीश कार्टर यांच्या मते, हो. अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती बोलण्याचं आणि एकत्र येण्याचं स्वातंत्र्य देते. पाठीवरचा पॅच 'मी यांच्यातला आहे' असं बोलतो. सरकार त्या चिन्हाचं मालक झालं, तर कोणी कोणतं चिन्ह घालावं हे सरकार ठरवू लागेल. त्याआधी २०१७ मध्ये 'द स्लँट्स' या बँडच्या नावावरून झालेल्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं, की नोंदणी सरकार करत असलं तरी ट्रेडमार्क हे खाजगी व्यक्तीचं बोलणं आहे, सरकारचं नव्हे.

चौथा प्रश्न: शिक्षा प्रमाणात आहे का?

आठवी दुरुस्ती अवाजवी दंडाला मनाई करते. अनेक दशकं वापरलेली ओळख, तीही आरोप नसलेल्या सदस्यांसकट सगळ्यांची काढून घेणं ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त होते, असं कार्टर यांनी म्हटलं.

पाचवा प्रश्न: मालक झालं तरी जॅकेट काढून घेता येतं का?

माझ्या मते सगळ्यात मोठी गफलत इथे होती. ट्रेडमार्कचा खाजगी मालकसुद्धा रस्त्यावर कोणाचं जॅकेट उतरवू शकत नाही. मग सरकार त्याच हक्काचं मालक झालं, तर त्याला जास्तीचा अधिकार कुठून येणार?

पण फोनच्या पडद्यावर गोष्ट बदलते. सोशल मीडिया ॲपवर ट्रेडमार्कची तक्रार करून बघा. आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या नावाने कोणीतरी पेज काढलं होतं, तेव्हा मी असा फॉर्म भरायला बसलो होतो. नोंदणी क्रमांक विचारला, तिथेच गाडी अडली, कारण आमची नोंदणी नव्हती. ज्याच्याकडे क्रमांक आहे, त्याची तक्रार पुढे सरकते आणि पोस्ट उडू शकते. खरंच उल्लंघन झालं का, हे कोर्टात ठरायच्या आधी. असा क्रमांक सरकारच्या हातात गेला, तर न आवडणारी चिन्हं हटवायला कोर्टाची पायरीही चढावी लागणार नाही. जॅकेट काढायला निदान पोलीस समोर यावा लागतो. इथे साधं नोटिफिकेशन येईल.

भारतात काय होऊ शकतं?

आधी तीन शब्द वेगळे करू. टाच म्हणजे मालमत्ता विकायला, हलवायला तात्पुरती बंदी. जप्ती म्हणजे ताबा घेणं. सरकारजमा म्हणजे मालकीच सरकारकडे जाणं.

पैशांच्या अफरातफरीविरोधी २००२ च्या कायद्यात, म्हणजे पीएमएलएमध्ये, मालमत्तेच्या व्याख्येत मूर्त आणि अमूर्त अशा दोन्ही गोष्टी येतात. ईडी १८० दिवसांपर्यंत तात्पुरती टाच आणू शकते, आणि पुढे विशेष कोर्टाने आदेश दिला तर मालमत्ता केंद्र सरकारकडे जाते. त्यामुळे ट्रेडमार्क या चौकटीच्या बाहेर आहे, असं म्हणता येत नाही.

आपला १९९९ चा ट्रेडमार्क कायदा अमेरिकेपेक्षा एका बाबतीत सैल आहे. इथे काही अटींवर व्यवसायाच्या पतीशिवायही नोंदणीकृत ट्रेडमार्क दुसऱ्याच्या नावावर करता येतो. म्हणजे मंगोल्सला वाचवणारा एक मुद्दा आपल्याकडे तितका भक्कम नाही. मात्र ट्रेडमार्क सलग ५ वर्षांहून जास्त काळ न वापरता पडून राहिला, तर तो रजिस्टरमधून काढायची मागणी करता येते. शिवाय राज्यघटनेचं कलम ३००अ सांगतं, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. कलम १९ बोलण्याचं आणि संघटना करण्याचं स्वातंत्र्य देतं, अर्थात वाजवी बंधनांसह. १९९५ च्या टाटा प्रेस खटल्यात सुप्रीम कोर्टाने व्यापारी स्वरूपाच्या बोलण्यालाही हे संरक्षण दिलं आहे.

आणि ब्रँड त्याच्या धंद्यापासून तोडला की काय उरतं, हे मुंबईने बघितलं आहे. किंगफिशर एअरलाइन्सची विमानं २०१२ मध्ये थांबली. कर्जासाठी कंपनीने आपले ट्रेडमार्क बँकांकडे गहाण ठेवले होते. एप्रिल २०१६ मध्ये स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालच्या बँकांनी त्यांचा ऑनलाइन लिलाव ठेवला. किमान किंमत ३६६.७० कोटी रुपये. एकही बोली आली नाही. ही सरकारी जप्ती नव्हती, कर्जवसुली होती. पण विमानं, कर्मचारी, प्रवासी काहीच नसताना नुसतं नाव कोण घेणार, हा प्रश्न तोच होता. त्याच नावाची बिअर दुसऱ्या कंपनीची, ती मात्र विकली जात होती.

नेहमी पडणारे प्रश्न

मग निवडणूक आयोगाने धनुष्यबाण गोठवला, ती ट्रेडमार्कची जप्ती होती का?
नाही. निवडणूक चिन्ह आयोग १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार पक्षाला वापरायला देतो. म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोग ते गोठवू शकला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये एका गटाला देऊ शकला. तो निर्णय बरोबर की चूक, हा वेगळा वाद. ट्रेडमार्कमध्ये सरकार फक्त नोंद ठेवतं. चिन्हाला किंमत येते ती वापरणाऱ्यांमुळे.

एका देशाने ट्रेडमार्क ताब्यात घेतला, तर तो जगभर लागू होतो का?
नाही. ट्रेडमार्क देशागणिक वेगळा असतो. क्यूबाच्या सरकारने १९६० मध्ये 'हवाना क्लब' रम बनवणाऱ्या कुटुंबाचा कारखाना घेतला. आज जगात बहुतेक ठिकाणी या नावाची रम क्यूबन सरकार आणि फ्रान्सची पेर्नो रिकार कंपनी मिळून विकते. अमेरिकेत मात्र बकार्डी त्याच नावाने रम विकते आणि दोघांचं भांडण अनेक वर्षं चाललं आहे.

आमच्या ग्रुपने काय करावं?
लोगो कोणाच्या नावावर आहे, हे आजच बघा. एका मित्राने उत्साहाने स्वतःच्या नावावर अर्ज केला असेल (एका वर्गासाठी ऑनलाइन ४,५०० रुपयांत होतो), तर कागदावर तो मालक आहे. त्याच्यावर कर्ज झालं, केस झाली किंवा तो नुसता रुसून गेला, तरी लोगोचा प्रश्न उभा राहील. ग्रुप मोठा असेल, तर संस्था नोंदवून समूहाच्या ट्रेडमार्कसाठी अर्ज करा. त्यासोबत तो कोणी, कसा वापरायचा याचे नियमही द्यावे लागतात. आणि कोणाच्या नावावर काय आहे, एवढं निदान ग्रुपवर लिहून पिन करून ठेवा.

मंगोल्सच्या सदस्यांना आपला पॅच २०११ मध्ये परत मिळाला, कारण तो अध्यक्षाचा नसून सगळ्यांचा होता, हे कोर्टात दाखवता आलं. तुमच्या ग्रुपला ते दाखवता येईल का?